वाचकांचे प्रश्न : मधुमेहींच्या पायातले जंतू आणि कल्चरचा रिपोर्ट

मधुमेहींच्या पायांच्या जखमांवर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच कागदाभोवती फिरत होती : ‘पस कल्चर’चा, म्हणजे जखमेतल्या नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट. म्हणून या वेळचे सदर जंतूंपुरतेच ठेवले आहे. उत्तरे सूक्ष्मजीवशास्त्र आणि शल्यचिकित्सा या दोन्ही विषयांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते किडनी, वजन आणि चालू औषधे बघूनच ठरतात.

प्रश्न : बाबांचं वय ६४, शुगर वीस वर्षांपासून. उजव्या अंगठ्याखाली महिन्याभरापासून जखम आहे. दुखत नाही, पू नाही, लालीही नाही. एका लॅबमध्ये स्वॅब दिला तर ‘स्यूडोमोनास’ आणि ‘क्लेब्सिएला’ निघाले. दुसरे डॉक्टर म्हणून राहिले की अँटिबायोटिकची गरजच नाही, पट्टी करा आणि त्या पायावर भार देऊ नका. दोन-दोन जंतू निघाले तरी औषध नाही? कोणाचं ऐकायचं, समजून नाही राहिलं.
— इतवारी

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर वाटतं. महिनाभर उघड्या असलेल्या कुठल्याही जखमेवर जंतू बसलेले असतातच. स्वॅब, म्हणजे कापसाची काडी, फिरवला की लॅबच्या प्लेटवर काहीतरी उगवणार, आणि उगवलं की लॅब त्याचं नाव लिहिणार. पण जखमेला संसर्ग झाला आहे का, हे जखम पाहणाऱ्यानंच ठरवायचं असतं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. सूज किंवा घट्टपणा, जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, दुखणं, गरमपणा आणि पू, या पाचांपैकी किमान दोन खुणा हव्यात, आणि त्यांचं दुसरं कारण (गाउट, मार, ताजं फ्रॅक्चर) नसावं.

लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि जखम वरवरची असेल तर संसर्ग सौम्य. लाली त्यापुढे गेली किंवा स्नायू, स्नायुबंध, सांधा, हाड यांपर्यंत पोचली तर मध्यम. त्यासोबत अंगात ३८ अंशांवर ताप, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, यांपैकी दोन गोष्टी आढळल्या तर तो गंभीर. त्या वेळी थेट दाखल व्हायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही.

संसर्ग नसताना ‘असू द्या पाच दिवस’ म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकनं जखम लवकर भरत नाही. साधे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या वेळी खरंच औषध लागतं तेव्हा गोळी चालत नाही, सुई लागते. बाबांची जखम अंगठ्याच्या मुळाशी आहे. चालताना प्रत्येक पावलाला तिथेच दाब येतो, आणि नसा बधिर असल्यामुळे तो जाणवत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हाच मुद्दा लावून धरला होता : बधिर पाय चालण्यानं फुटतो, आणि दाब काढला की भरतो. तेव्हा भार काढण्यासाठी प्लास्टर किंवा खास बूट, पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी आणि आठवड्याला घट्टा तासून घेणं, ही खरी औषधं.

घरी एक करा. जखमेभोवती थोडी जरी लाली दिसली तर तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढा आणि तारीख-वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली की त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगर विनाकारण वाढणं हीसुद्धा खूणच समजा. बधिर पायात कधी कधी तीच पहिली असते.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आम्ही पाठवलेल्या पस स्वॅबवर नागपूरहून वारंवार ‘मिक्स्ड ग्रोथ, नमुना पुन्हा पाठवा’ असा शेरा येतो. नमुना नेमका कसा घ्यायचा?
— रामटेक तालुका

शेरा योग्य आहे, आणि दोष बहुधा स्वॅब कुठून घेतला यात असतो. पट्टी काढली, वरच्या पिवळ्या थरावर काडी फिरवली, पाठवली, यात त्वचेवरचे आणि पट्टीतले जंतू येतात. तळाशी जे बसले आहेत ते येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासात स्यूडोमोनासचे पुंजके जखमेत खोल आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसचे वरच्या थरात आढळले आहेत, त्यामुळे वरवरचा स्वॅब एकाला पकडतो आणि दुसऱ्याला सोडतो.

पहिलं काम, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी नमुना. गंभीर रुग्णात मात्र नमुन्यासाठी औषध अडवायचं नाही. जखम ०.९ टक्के सलाइननं भरपूर धुवायची. बीटाडीन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही नमुन्याआधी लावायचं नाही, नाहीतर जंतू मरतात आणि कल्चर कोरं येतं. मग डॉक्टरांनी मेलेलं मांस आणि कडेचा घट्टा काढायचा, पुन्हा सलाइन. आता जो लालसर तळ दिसतो तिथून निर्जंतुक क्युरेटनं किंवा १५ नंबरच्या नव्या ब्लेडनं खरवडून दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. ज्या ब्लेडनं घाण काढली तेच ब्लेड नमुन्याला वापरलं तर सगळी मेहनत वाया जाते.

तुकडा निर्जंतुक डबीत, सुकू नये एवढ्याच, चार-पाच थेंब सलाइनमध्ये. इथे एक चूक फार होते. ‘टिश्यू’ म्हटलं की हात सवयीनं फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे जातो. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून काहीही उगवणार नाही, आणि रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ वाचून सगळे निर्धास्त होतील. बाटलीवर आधी चिकटपट्टी लावून ‘कल्चर, फॉर्मॅलिन नको’ असं लिहून ठेवा.

बंद गळू असेल तर वरची त्वचा साफ करून सिरिंजनं पू ओढणं उत्तम. सिरिंजमधली हवा काढून टाका. विनॉक्सी जंतूंना ऑक्सिजन चालत नाही. ते वाढवायचे असतील तर थायोग्लायकोलेट किंवा रॉबर्टसनचं शिजवलेल्या मांसाचं माध्यम लॅबकडून आधी मागवून घ्या.

खरवडणारं कोणीच नसेल आणि स्वॅबच घ्यायचा असेल, तर धुतलेल्या जखमेच्या स्वच्छ तळावर एक चौरस सेंटिमीटर जागा निवडा, काडी दाबून पाच सेकंद फिरवा, इतकी की आतला द्रव काडीत यावा. याला लेव्हिनची पद्धत म्हणतात. पू दिसला म्हणून तिथेच काडी टेकवायची नाही.

नमुना दोन तासांत पोचणं आदर्श. रामटेकहून ते दर वेळी जमणार नाही, म्हणून स्वॅब एमीजच्या माध्यमात (प्रवासात जंतू टिकवणाऱ्या जेलमध्ये) पाठवा. विनॉक्सी तपासणी हवी असेल तर फ्रिजमध्ये ठेवू नका. पण मे महिन्यात ॲम्ब्युलन्सच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. तिथे काचेमागे तापमान इतकं चढतं की नाजूक जंतू वाटेतच मरतात आणि चिवट एकटे पोचतात. आणि मागणीपत्रावर नुसतं ‘पस, फूट’ लिहू नका. ‘डावा पाय, तिसऱ्या बोटाखाली, डेब्रिडमेंटनंतर (मेलेलं मांस काढल्यावर) तळातला टिश्यू, तीन दिवस ऑग्मेंटिन हे अँटिबायोटिक चालू’ इतकं लिहिलं की लॅबमधल्या माणसाला कुठली वाढ पुढे न्यायची ते कळतं.

प्रश्न : पुस्तकात मधुमेही पायातला पहिल्या क्रमांकाचा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस. वॉर्डात मात्र निम्मे रिपोर्ट स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटियसचे. पुस्तक चूक की लॅब?
— अंतिम वर्ष एमबीबीएस, मेडिकल चौक

दोन्ही बरोबर, फक्त रुग्ण वेगळे. पुस्तकातलं वाक्य प्रामुख्यानं युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर बेतलेलं आहे. तिथे ताज्या, आधी औषध न घेतलेल्या जखमेत ऑरियस आणि बीटा-हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकाय हे ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगात जांभळे दिसणारे) जंतू पुढे असतात. भारतासारख्या उष्ण प्रदेशांतल्या अनेक अभ्यासांत ग्रॅम-निगेटिव्ह (त्याच रंगात गुलाबी दिसणारे) दंडाकार जंतू, म्हणजे तुमच्या रिपोर्टांतले चारही, बरोबरीला किंवा पुढे दिसतात. ऑरियस इथेही कमी महत्त्वाचा नाही. हाडात शिरायला तो आजही सगळ्यांत हुशार.

कारण एकच नाही. स्यूडोमोनास पाण्यातला जंतू आहे : ओली मोरी, बादली, दिवसभर न वाळलेला बूट. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते, आणि तिथून त्याला वाट मिळते. दुसरं, रुग्ण आपल्याकडे पोचेपर्यंत मेडिकल स्टोअरमधून आणलेली एक-दोन अँटिबायोटिकं होऊन गेलेली असतात. त्यांनी ग्रॅम-पॉझिटिव्ह आटोपलेले असतात, उरतात ते चिवट ग्रॅम-निगेटिव्ह. तिसरं, जखम जुनी आणि खोल असली की एकापेक्षा जास्त जंतू मिळून राहतात. दुर्गंध आणि काळं मेलेलं मांस असेल तर बॅक्टेरॉइड्स, प्रिव्होटेला, फाइनगोल्डियासारखे विनॉक्सीही असतात. साध्या कल्चरमध्ये ते दिसत नाहीत, कारण त्यांना ऑक्सिजनविरहित जारमध्ये किमान ४८ तास द्यावे लागतात. आणि चौथं कारण वरच्या उत्तरातलं, वरवरच्या स्वॅबमध्ये जखमेवर नुसते बसलेले जंतूही मोजले जातात. वॉर्डातल्या ‘निम्म्या’ रिपोर्टांपैकी किती खरे, हे नमुना कसा घेतला हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

उपचारात याचा फरक पडतो. सौम्य संसर्ग आणि आधी औषध नाही, तर ग्रॅम-पॉझिटिव्हांपुरतं औषध पुरतं. स्यूडोमोनासवरचं औषध सरसकट द्यायचं नाही. पण त्याच जागी गेल्या काही आठवड्यांत तो मिळाला असेल, किंवा उष्ण प्रदेशातल्या रुग्णाचा संसर्ग मध्यम-गंभीर असेल, तर विचारात घ्यायचं. नागपूर त्या वाक्यात बसतंच.

प्रतिकाराचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. ईएसबीएल (पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं तोडणारी विकरं) बनवणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला नेहमीचे झाले आहेत. राखीव ठेवलेली कार्बापेनेम गटाची अँटिबायोटिकंही निकामी करणारं एनडीएम-१ हे विकर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातून जगापुढे आलं. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएलात ते सापडलं होतं. परीक्षेत ऑरियस लिहा. वॉर्डात आपल्या रुग्णालयाचा अँटिबायोग्राम (कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती चालतं याचा तक्ता) उघडा.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ०.२५ आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसमोर ४ असे आकडे, दोन्हींपुढे ‘एस’. आकडा लहान ते औषध जास्त जोरदार ना? आणि कोलिस्टिनपुढे ‘आय’ का? ते तर सगळ्यांत मोठं औषध म्हणतात.
— निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

हे आकडे एमआयसीचे आहेत : चोवीस तासांच्या आत जंतूची दिसणारी वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा, मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. पण दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी, कारण प्रत्येकाची रक्तातली पातळी वेगळी. सीएलएसआय या लॅबसाठी निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या सध्याच्या निकषांत ई. कोलायसाठी सिप्रोची मर्यादा ०.२५ आहे, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची ८. म्हणजे तुमचा सिप्रोचा आकडा अगदी कुंपणावर आहे आणि दुसरा कुंपणाच्या आत. लहान दिसणारा आकडाच इथे जास्त काठावरचा. तरीही डॉक्टर कदाचित तिसरंच औषध निवडतील, कारण गोळी देता येते का, हाडात पोचतं का, किडनी कशी आहे, हे त्या कागदावर नसतं.

कोलिस्टिनबद्दल : २०२० पासून सीएलएसआयनं या औषधासाठी ‘एस’ (औषध चालेल) हा वर्गच काढून टाकला. पूर्वी जे ‘एस’ म्हणून छापलं जायचं तेच आता ‘आय’ (मधला वर्ग) म्हणून येतं. किडनीवर भारी आणि परिणाम बेभरवशाचा, म्हणून. त्याची तपासणी चकतीनं (जंतूंच्या प्लेटवर औषधाची कागदी चकती ठेवून) करायची नसते, कारण हा मोठा रेणू आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरात, नीट पसरत नाही. रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे ‘डिस्क’ लिहिलेलं दिसलं तर तो आकडा बाजूला ठेवा. प्रोटियस या जंतूवर तर कोलिस्टिन मुळातच चालत नाही.

अशा जन्मजात जोड्या आणखीही आहेत. क्लेब्सिएलावर ॲम्पिसिलिन, एन्टरोकोकसवर सेफॅलोस्पोरिन, स्यूडोमोनासवर सेफ्ट्रिॲक्सोन चालत नाही. रिपोर्टमध्ये ती नावं नसली तर लॅबनं आळस केला असं समजू नका. उलट स्टॅफिलोकोकसच्या रिपोर्टवर ‘सेफॉक्सिटिन’ दिसलं तर ते तुम्हाला देण्यासाठी नसतं. ३० मायक्रोग्रॅमच्या त्या चकतीनं एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस, ओळखतात. चकतीभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा कमी आलं तर मेथिसिलिनच्या घराण्यातली नेहमीची औषधं बाद. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवून केलेल्या डी-चाचणीत क्लिंडामायसिनचं वर्तुळ एका बाजूनं चपटं झालं, तर ते औषध वरवर चालतंय असं दिसूनही उपचारात दगा देऊ शकतं.

प्रश्न : डॉक्टरांनी जखमेत धातूची काडी घातली, ‘टक्’ झालं, म्हणाले हाडाला लागलंय. एक्स-रे मात्र साफ आहे. तरी सहा आठवडे औषध?
— महाल

साफ एक्स-रेवर विसंबू नका. हाडातला क्षार बराच कमी झाल्याशिवाय फिल्मवर काही दिसत नाही, त्याला दोन-तीन आठवडे जातात. निर्जंतुक बोथट काडीला खाली कठीण, खरखरीत हाड लागणं, ईएसआर (रक्तातली दाह दाखवणारी तपासणी) ७० च्या वर आणि पहिल्या आठवड्यांनंतर पुन्हा काढलेला एक्स-रे, हे तिन्ही मिळून बघायचं. शंका उरली तर एमआरआय.

सहा आठवडे हा आकडा हाड काढलं नसेल तेव्हाचा. संसर्ग फक्त मऊ भागात असेल तर एक ते दोन आठवडे बहुधा पुरतात. बोटाचं हाड कापलं पण उरलेल्या टोकाचं कल्चर पॉझिटिव्ह आलं, तर तीन आठवड्यांपर्यंत.

इतकं लांब औषध चालणार असेल तर हाडाचाच नमुना मागा. फ्रान्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जखमेचा स्वॅब आणि हाडाची बायोप्सी यांचे निष्कर्ष पाचातल्या एकाहूनही कमी रुग्णांत तंतोतंत जुळले. शक्य असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर बायोप्सीआधी दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवतात. सुई जखमेतून न घालता शेजारच्या निरोगी त्वचेतून घालतात. ऑरियस हाडातल्या सूक्ष्म नलिकांमध्ये, पेशींच्या खाचांत जाऊन दडतो, म्हणून वरची जखम भरली तरी महिन्यांनी तीच जागा पुन्हा फुटू शकते.

प्रश्न : एमएससी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रकल्प करते आहे : पायाच्या जखमांतले जंतू किती बायोफिल्म बनवतात. क्रिस्टल व्हायोलेट पद्धतीत एकच आयसोलेट सोमवारी ‘स्ट्राँग’ आणि गुरुवारी ‘वीक’ येतो. काँगो रेड आगर तिसरंच काही सांगतं. काय चुकतंय?
— विद्यापीठ कॅम्पस

विषय चांगला निवडला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जुनाट जखमांपैकी ६० टक्क्यांत बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, दिसली होती, ताज्या जखमांत फक्त ६ टक्क्यांत. चिकट थरात बसलेले जंतू तरंगणाऱ्या जंतूंपेक्षा शेकडो पट जास्त औषध सहन करतात, आणि खरवडून काढलेला थर एक ते तीन दिवसांत पुन्हा पक्का होतो. पायाची जखम वारंवार खरवडतात ती म्हणूनच. आता तुमची प्लेट.

रात्रभर वाढवलेलं कल्चर १:१०० विरळ करून ९६ खाचांच्या, सपाट तळाच्या पॉलिस्टायरीन प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर. स्टॅफिलोकोकससाठी ट्रिप्टिक सोय ब्रॉथ अधिक १ टक्का ग्लुकोज. ३७ अंशांवर, न हलवता, २४ तास. उलटून ओतायचं, पीबीएसनं तीनदा धुवायचं, ६० अंशांवर तासभर सुकवायचं. ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं, पूर्ण सुकवणं, ३० टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये रंग सोडवणं, ५५० नॅनोमीटरवर वाचन. हे सगळ्यांनाच पाठ असतं. फसवतात त्या पुढच्या गोष्टी.

कडेच्या खाचा : ३७ अंशांवर काठावरच्या ३६ खाचांतलं पाणी आधी उडतं, मीठ-साखर दाटते आणि थर वेगळा बनतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे ठळक होतं. त्या ३६ खाचांत फक्त निर्जंतुक पाणी भरा, आतल्या ६० वापरा, झाकण लावून प्लेट ओल्या टिश्यू पेपरसह डब्यात ठेवा.

रंगाची उंची : स्यूडोमोनास थर तळाशी कमी आणि द्रव-हवेच्या सीमेवर जास्त बनवतो, खाचेच्या भिंतीवर कडं दिसतं. कल्चर २०० आणि रंग १५० मायक्रोलिटर घातला तर कडं कोरडंच राहतं आणि तुमचा सगळ्यांत जबर आयसोलेट ‘वीक’ ठरतो. कल्चर १००, रंग १२५, विरघळवायला १२५, असं ठेवा. सोमवार-गुरुवारचं कोडं तुमच्या स्यूडोमोनासपुरतं बहुधा इथेच सुटेल.

धुणं : पिपेटनं तळावर थेट फवारा मारला की थर सोलून निघतो. भिंतीवरून हळू सोडा, किंवा प्लेट पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून झटका. तिन्ही वेळा एकाच व्यक्तीनं करावं.

प्लेटचा प्रकार : ‘टिश्यू कल्चर ट्रीटेड’ आणि साधी प्लेट यांवर जंतू वेगळे चिकटतात. अर्ध्या प्रकल्पात कंपनी बदलली की आकडे टाकून द्यावे लागतात. सगळ्या प्लेट एकदम मागवा.

मूळ कल्चर : फ्रिजमधल्या स्लँटवरून पुनःपुन्हा उचललेला आयसोलेट (रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला जंतू) हळूहळू थर बनवणं सोडतो. रुग्णाकडून आल्याच्या दिवशीच १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवा आणि प्रत्येक प्रयोग त्या साठ्यातून सुरू करा.

वर्गवारी नजरेनं करू नका. जंतूविरहित माध्यमाच्या खाचांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं ही सीमारेषा. सीमेपर्यंत ‘नाही’, दुपटीपर्यंत ‘वीक’, चौपटीपर्यंत ‘मॉडरेट’, त्यावर ‘स्ट्राँग’. ही रेषा प्रत्येक प्लेटची वेगळी असते. सोमवारची गुरुवारी वापरली तरी निकाल उलटतो. प्रत्येक आयसोलेटच्या किमान तीन खाचा आणि तीन वेगळे दिवस. नियंत्रणासाठी स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस एटीसीसी ३५९८४ (थर बनवतो) आणि १२२२८ (बनवत नाही). वाचन ३ च्या वर गेलं तर विरळ करून पुन्हा घ्या, तिथे यंत्र सरळ रेषेत राहत नाही.

काँगो रेड आगर या प्रकल्पातून काढून टाकलंत तरी चालेल. ती पद्धत १९८९ साली स्टॅफिलोकोकससाठी निघाली. काळ्या, कोरड्या वसाहती म्हणजे चिकट द्रव्य बनतंय इतकाच अर्थ. ग्रॅम-निगेटिव्हांवर तिचा निकाल वापरणं धाडसाचं आहे, आणि स्टॅफिलोकोकसमध्येही ती प्लेट पद्धतीशी नीट जुळत नाही. मार्गदर्शकांचा आग्रहच असेल तर रंग वेगळा ऑटोक्लेव्ह करून माध्यम ५५ अंशांवर आल्यावर मिसळा.

शेवटचं, क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशींनाही रंगवतं. ‘हे औषध बायोफिल्म मारतं’ असं लिहायचं असेल तर थर सुटा करून जिवंत वसाहती मोजाव्या लागतील. रुग्णांचे नमुने घेण्यापूर्वी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी, आणि काम जैवसुरक्षा पातळी २ वर.

प्रश्न : जखमेची ‘डीएनए टेस्ट’ केली की सगळे जंतू कळतात म्हणे. करावी का?
— मनीषनगर

नेहमीच्या जखमेसाठी नको. या तपासणीत बहुधा १६एस आरआरएनए हे सुमारे १,५०० अक्षरांचं जनुक वाचतात. ते सगळ्या बॅक्टेरियांत असतं आणि त्यातले नऊ बदलते भाग जंतूची ओळख देतात. कल्चरमध्ये न उगवणारे विनॉक्सी यात भरपूर दिसतात. संशोधनाला त्याचा मोठा उपयोग झाला, जखमेतला जंतूंचा समूह आठवड्या-आठवड्याला कसा बदलतो हे त्यातूनच कळू लागलं. पण मेलेल्या जंतूंचं डीएनएही मोजलं जातं, कुठला जंतू त्रास देतोय हे कळत नाही, आणि कुठलं औषध चालेल हे तर मुळीच नाही. ऑरियसचे दोन उपप्रकार एकाच नावानं येतात, त्यातला एक निरुपद्रवी आणि दुसरा जखम अडवणारा असू शकतो. वीस नावांची यादी हाती आली की वीस जंतूंवर औषध देण्याचा मोह होतो, हा खरा तोटा.

प्रश्न : अँटिबायोटिक चालेनासं झालं तर जंतू खाणारे विषाणू मिळतात का?
— हिंगणा रोड

त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसतं फाज म्हणतात. ट्वॉर्ट यांनी १९१५ साली आणि द’हेरेल यांनी १९१७ साली त्यांचं वर्णन केलं. त्याआधी १८९६ मध्येच हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं नोंदवलं होतं. जॉर्जियातल्या तिबिलिसीची १९२३ साली स्थापन झालेली एलियावा संस्था आजही फाज वापरते. मधुमेही पायाच्या बोटांच्या जखमांवर स्टॅफिलोकोकसचे फाज वापरून बरे झालेल्या मोजक्या रुग्णांची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली, पण रुग्ण मोजके आणि तुलनेचा गट नाही. अडचण अशी की फाज फार निवडक असतो, एका ऑरियसला मारणारा शेजारच्या रुग्णाच्या ऑरियसला शिवतही नाही. म्हणून आधी तुमचा जंतू वेगळा करून त्यावर फाज जुळवावा लागतो. दुकानातून आणून लावण्यासारखं ते औषध नाही. तसं सांगून बाटली विकणाऱ्यापासून लांब राहा.

प्रश्न : हळद, गरम मिठाचं पाणी, पेरॉक्साइड, कॉर्न कॅप यांतलं काय चालेल?
— नंदनवन

एकही नाही. कॉर्न कॅपमधलं सॅलिसिलिक ॲसिड भोवरीबरोबर चांगली कातडीही जाळतं, बधिर पायाला कळत नाही, आणि पुढे तिथेच जखम होते. गरम पाण्यानं भाजतं, फेसाळणारं पेरॉक्साइड भरणाऱ्या पेशीही मारतं, हळदीचा थर जखम झाकतो आणि आतली लाली दिसत नाही. साधं सलाइन आणि निर्जंतुक गॉज. चिखल्यांना बोटांच्या बेचक्या कोरड्या करून क्लोट्रिमाझोल क्रीम, जखमेत नव्हे. मे महिन्यात मंदिराच्या फरशीवर अनवाणी पाच मिनिटं उभं राहणं बधिर तळव्याला पुरे असतं : जाड मोजे घाला, किंवा सावलीच्या कडेनं जा. बाहेर उन्हात ठेवलेली चप्पलही आधी हातानं चाचपून मग पाय घाला, तिचा तळ तापलेला असतो.

प्रश्न : आईच्या जखमेत एमआरएसए निघाला. घरात दोन वर्षांची नात आहे. वेगळं ठेवायचं का?
— जरीपटका

वेगळं ठेवायची गरज नाही. जखम पूर्ण झाकलेली असावी, पट्टी ओली झाली की बदलावी, आणि बदलण्याआधी व नंतर साबणानं किमान वीस सेकंद हात धुवावेत, हातमोजे घातले तरी. टॉवेल, नेलकटर, पाय घासायचा दगड आईचा स्वतंत्र. चादर आणि टॉवेल गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. वापरलेली पट्टी कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून, घंटागाडीवाल्याला ‘जखमेची पट्टी’ असं सांगून वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात टाकू नका. नातीला इसब असेल किंवा अंगावर उघडं खरचटलं असेल तर तेवढे दिवस तो भाग झाकून ठेवा. तिला गळू किंवा पुळी आली तर बालरोगतज्ज्ञांना आईचा रिपोर्ट दाखवा.